मी ‘सोड’ म्हनीन, तू सोडू नोको

फोन ताईचाच होता. ती रडत बोलली असती तर मीही लगेच रडले असते, पण किराणा सांगावा तशा आवाजात ती म्हणाली, “रंजे, तुहे भाऊजी गेले. जेवन करून खुर्चीत बसले अन् बसल्या बसल्या गेले. तू ये, पन सोता गाडी चालवत नोको येऊ. रेल्वेनं ये.” मन ठिकाणावर नसेल तर स्टेअरिंगला हात लावायचा नाही, हा नियम भाऊजींचा. त्यांच्याच मरणाच्या दिवशी ताईने तो पाळायला लावला. मी अकोल्याहून मिळेल ती गाडी पकडून बडनेऱ्याला उतरले, तिथून ऑटोने अमरावतीला घरी पोचले. अंगणात माणसं बसली होती आणि पांढरी कार नेहमीच्या जागी निंबाखाली उभी होती. तिच्यावर पानं पडलेली होती. भाऊजी असते तर त्यांनी ती लगेच झटकून काढली असती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी श्रद्धांजली वाहताना मंडपात बरेच जण बोलले. इंगळे सरांनी अर्ध्या अमरावतीला गाडी शिकवली, सरांचा विद्यार्थी कलेक्टर कचेरीतही आहे आणि भाजी मार्केटातही, सर शिस्तीचे होते… सगळं खरं. पण शेवटची दोन-अडीच वर्षं हेच सर शिकवलेलं परत घ्यायला दारोदार फिरत होते, हे एकानेही म्हटलं नाही. बोलणाऱ्यांपैकी काहींच्या घरी तर ते स्वतः जाऊन आले होते. मेलेल्या माणसाची लाज झाकावी असा आपला रिवाज आहे, आणि तो वाईट आहे असंही मी म्हणत नाही. तरी ताईला विचारून मी हे लिहिते आहे. ती म्हणाली, “लिही ना. तेंनी त सोताच गावभर सांगतलं होतं. आपुन लपवाले कोन?”

प्रल्हाद इंगळे हे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे नवरे. मी धाकटी मेहुणी, त्यामुळे आमचं नातं पहिल्यापासून चिडवाचिडवीचं. ते मला साळीबाई म्हणायचे आणि मी शाळेत मराठी शिकवते म्हणून मुद्दाम माझ्यासमोर अस्सल वऱ्हाडी बोलायचे. मी दुरुस्त करायला गेले की म्हणायचे, “तू भाषेचा गिअर बदलू नोको, आमाले यातच पिकअप भेटते.” ड्रायव्हिंग स्कूल त्यांनी एका जुन्या लहान गाडीवर सुरू केलं. त्या गाडीत डावीकडे, म्हणजे मास्तरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवलेला असे. शिकणारा चुकला की मास्तर आपल्या पायाने गाडी थांबवत. भाऊजींचं सगळं आयुष्य त्या डावीकडच्या ब्रेकवर पाय ठेवून गेलं असं म्हटलं तरी चालेल.

मलाही त्यांनीच शिकवलं. गिअर, क्लच, वळण हे सगळे मास्तर शिकवतात. भाऊजींची खासियत होती ती ब्रेक. नवा माणूस घाबरला की ब्रेकवर उभाच राहतो. मग चाकं जागच्या जागी आवळली जातात, फिरायची थांबतात, पण गाडी थांबत नाही, ती घसरत जाते, आणि स्टेअरिंग कितीही फिरवा, नाकासमोरच जाते. आमच्याकडे पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांना लागून शेतातली काळी माती डांबरावर येते आणि वरून भुरभुर पाऊस झाला की रस्ता लोण्यासारखा होतो. तिथे असं आवळलेलं चाक म्हणजे मरणच. भाऊजी पहिल्या दिवशीच विचारत, “बैलाचे चारी पाय बांधले अन् म्हनलं वळ, त वळन का तो? चाक फिरते तवरच गाडी वळते.” म्हणून त्यांचा मंत्र होता दाब-सोड, दाब-सोड. ब्रेक दाबायचा, गाडी घसरते आहे किंवा खाली काही थरथरतं आहे असं वाटलं की पाय उचलायचा, चाक फिरू द्यायचं, पुन्हा दाबायचा. हे ते तोंडी सांगून सोडत नसत. पाय आपोआप उचलला जाईपर्यंत ओरडत असत. रस्त्यात कुत्रं आडवं आलं की डावीकडून तोफ सुटे, “सोड! सोड!” विद्यार्थ्याचा विचार करून होण्याआधी त्याचा पाय वर आलेला असे. त्या गाड्यांना तेच बरोबर होतं, आणि त्यामुळे कित्येक जीव वाचले असतील.

ताई त्यांची सगळ्यात गुणी विद्यार्थिनी. आमच्या गल्लीत गाडी चालवणारी ती पहिली बाई, आणि तिला त्याचा तोरा होता. शेजारणींना भरून बाजाराला न्यायची, कुणाची बाळंतीण दवाखान्यात पोचवायची. चिखलदऱ्याचा घाट तिने चढवला तेव्हा मागे बसलेल्या आमच्या मामेबहिणी डोळे मिटून होत्या आणि ताई गाणं गुणगुणत होती. घरात पदर सावरून बोलणारी ही बाई गाडीत बसली की वेगळीच व्हायची. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मग नवी गाडी आली, हीच पांढरी. मुलगा परदेशी गेला, स्कूलचा कारभारही भाऊजींनी कमी केला होता, आता आपल्यासाठी म्हणून एक गाडी घेऊ असं ठरलं. शोरूममध्ये मीही होते. किल्ल्या देताना तिथली एक मुलगी सगळं समजावून सांगत होती. म्हणाली, “सर, यात एबीएस आहे. जोरात ब्रेक मारला की पेडल पायाखाली थरथरेल, कटकट असा आवाज येईल. घाबरून पाय उचलायचा नाही, तसाच दाबून…” भाऊजींनी तिला तिथेच थांबवलं. “पोरी, तुह्या बापाले इचार त्याले गाडी कोनं शिकवली ते!” सगळे हसले. मीसुद्धा हसले. ती मुलगीही हसली बिचारी, आणि पुढचं बटण दाखवू लागली. आम्ही पेढे वाटले, घरी आलो.

अपघात झाला तो पुढच्या पेरणीच्या दिवसांत. पावसाने उघाड दिली होती, दोघं भातकुलीकडे एका नातेवाइकाला भेटायला निघाले होते. गाडी ताई चालवत होती, भाऊजी डावीकडे. एका शेतवाटेतून एक म्हातारे गृहस्थ सायकल हातात धरून रस्त्यावर आले. सायकलवर गवताचा भारा होता, त्यामुळे त्यांना गाडी दिसली नाही. ताईने ब्रेक मारला. गाडी थांबली, पण सायकलला आणि त्या माणसाला धडकून थांबली. वामनराव त्यांचं नाव. जीव वाचला, मात्र पाय असा काही मोडला की पुढे काठीशिवाय चालता आलं नाही.

ठाण्यात ताईने जबाब दिला, “मी घाबरली. माहा पाय निसटला.” एवढंच. केस झाली, विम्याचं झालं, जे व्हायचं ते यथावकाश झालं. पण घरात आणि गोतावळ्यात जे झालं ते जास्त होतं. बायकांनी गाडी चालवू नये इथपासून ते वय झालं की पाय साथ देत नाहीत इथपर्यंत सगळ्यांना सगळं सुचलं. भाऊजी तिला टाकून बोलले नाहीत, तेवढा बरा माणूस होता तो, पण कुणी विचारलं की मान हलवून म्हणायचे, “मी सांगून रायलो होतो बाजूले बसून. इनं उशीर केला.” ताई स्वयंपाकघरातून ऐकत असायची. एका लग्नात मी स्वतः तिला म्हटलं, “काय ताई, आता बैलगाडी शिकतेस का?” ती हसली नाही. मला वाटलं, थट्टा जुळली नाही. तिने गाडीची किल्ली खिळ्याला लावली ती लावलीच. बाजाराला ऑटोने जायला लागली.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी भाऊजी एकटे परतवाड्याहून येत होते. म्हशींचा कळप रस्त्यावर आला आणि त्यांनी सगळ्या ताकदीने ब्रेक मारला. त्या गाडीत एवढ्या जोराचा ब्रेक त्यांनी स्वतःच्या पायाने पहिल्यांदाच मारला होता. पेडल थरथरलं, कटकट वाजलं… आणि त्यांचा पाय, तो मास्तरांचा पाय, आपोआप वर आला. पुन्हा दाबला. म्हशी पुढे निघून गेल्या होत्या म्हणून काही झालं नाही. पण भाऊजी खाली उतरले आणि मागे पाहू लागले. रस्त्यावर वाळलेल्या मातीचा पातळ थर होता, त्यावर टायरच्या खुणा उमटल्या होत्या. तुटक तुटक फिकट रेघा, मग मध्ये काहीच नाही असा एक कोरा तुकडा, आणि पुढे पुन्हा तुटक रेघा. त्यांनी मला नंतर सांगितलं, “रंजू, मी तसाच उभा रायलो. भातकुलीच्या रोडावर पंचनाम्याच्या वक्ती हेच पाह्यलं होतं मी. मधातला कोरा तुकडा पाहून मनात म्हनलं होतं, इथीसा इचा पाय निसटला. पाय निसटला नोता. मी ओरडलो होतो.”

नव्या गाडीत डावीकडे ब्रेक नव्हता. अपघाताच्या दिवशी त्यांचा पाय नुसताच चटईवर आपटला होता आणि तोंडातून सवयीने निघालं होतं, सोड, सोड.

ते घरी न जाता आधी शोरूममध्ये गेले. ती मुलगी अजून तिथेच होती. चार गिऱ्हाइकांदेखत भाऊजी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, त्या दिवशी तू सांगत होतीस अन् मी सांगू दिलं नाही, ते आता सांग. तिने सांगितलं. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, चाक आवळलं जाऊ लागलं की यंत्र त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतं आणि लगेच पुन्हा धरतं. तुम्ही पायाने जे करता तेच, फक्त चाकाचाकाला वेगळं आणि पायाला कधीच जमणार नाही इतकं भराभर. ती थरथर म्हणजे बिघाड नाही, ते काम चालू असल्याची खूण आहे. आपण दाबून धरायचं आणि रिकामी जागा बघून वळवायचं. चाकं फिरत असतात, त्यामुळे गाडी वळते. भाऊजींनी विचारलं, “अन् मधात पाय उचलला त?” ती म्हणाली, “मग तेवढा वेळ गाडी मोकळी धावते, सर.”

मोकळी धावते. हे दोन शब्द ते पुढे कितीदा तरी स्वतःशी पुटपुटत. जेवताना, टीव्हीसमोर, अंगणात गाडी पुसताना.

घरी येऊन त्यांनी ताईला काय सांगितलं ते मला माहीत नाही. दोघांच्या मधलं ते दोघांतच राहिलं. ताई एवढंच म्हणाली की ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते ठाण्यात गेले, तर साहेब म्हणाले, मिटलेलं कशाला उकरता सर. मग ते वामनरावांकडे गेले आणि मलाही सोबत चल म्हणाले, कारण ताईला न्यायची त्यांची हिंमत नव्हती आणि एकट्याने जायचीही नव्हती. वामनराव ओट्यावर काठी टेकून बसले होते. भाऊजींनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, चूक बाईची नव्हती, मी बाजूला बसून चुकीचं ओरडलो. वामनरावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, “आता मले हे सांगून काय होते जी? पाय त वापस येत नाही.” पण दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने जे म्हटलं ते मी विसरू शकत नाही. ती म्हणाली, “म्हन्जे आमी त्या बाईले एवढे दिवस फुकटच शिव्या देल्ल्या?” भाऊजींनी मान खाली घातली. त्या मातीच्या ओट्यासमोर मला माझी बैलगाडीची थट्टा आठवली.

तिथून सुरू झालं ते त्यांचं फिरणं. आपण एवढ्या लोकांच्या पायात दाब-सोड भरून ठेवलं आहे आणि आता घरोघरी नव्या गाड्या आल्या, हे त्यांना झोपू देईना. जो आठवेल त्याच्याकडे जायचे. तेल्हाऱ्याला गेले, दर्यापूरला गेले, अकोल्यात माझ्या घरी मुक्काम करून इथल्या जुन्या विद्यार्थ्यांना शोधायचे. दार वाजवायचं, आणि “कोन्ती गाडी हाये तुह्याकडे?” म्हणून विचारायचं. गाडी जुनी असेल तर शिकवलं तसंच चालू दे म्हणून सांगायचे. नवी असेल तर म्हणायचे, मी तुला चुकीचं शिकवून ठेवलं आहे, ते पायातून काढ. दाब, धर अन् वळव. लोक गांगरून जात. कुणाला वाटे सर लग्नाची पत्रिका घेऊन आले, कुणाला वाटे काही मागायला आले. एक बाई म्हणाल्या, आमच्याकडे आता ड्रायव्हर आहे हो. कुणी चहा देऊन मागून घरात हसायचं, ते बाहेर ऐकू यायचं. आणि बरेच जण समजूत घालायचे, “सर, तेव्हाच्या गाड्यांना तेच बरोबर होतं, तुमचा काय दोष?” त्यावर भाऊजींचं उत्तर ठरलेलं होतं. “गाडी बदलली तवा मले सांगनारी होती. मी तिले बोलू देल्लं नाही.”

मला लाज वाटायची. अकोल्यात माझी ओळख आहे, मान आहे. एका डॉक्टरांच्या फाटकाशी ते तासभर थांबले आणि मी रिक्षात तोंड लपवून बसले. घरी आल्यावर मी तोडून बोलले, “भाऊजी, पुरे झालं हे. लोक वेडं म्हणायला लागले.” ते बूट काढत होते. बूट काढता काढता म्हणाले, “साळीबाई, वेडं म्हनले त म्हनू दे. सुमनले काय काय म्हनले लोक… ते तिनं आयकलंच ना?” मी चहा टाकायला आत गेले.

पण त्यांना खरं हवं होतं ते एकच. ताईने पुन्हा गाडी चालवावी. गावभर कबुली देऊन झाली तरी खिळ्याची किल्ली खिळ्यालाच होती, आणि जाता येता ती त्यांना दिसायची. एका उन्हाळ्यात मी अमरावतीला गेले असताना त्यांनी ताईला कसंबसं तयार केलं. त्यांच्या एका विद्यार्थ्याची कापसाची जिनिंग फॅक्टरी आहे. हंगाम संपला की तिथलं मोठं आवार मोकळं पडतं. कुंपणाच्या तारांना कापसाचे पुंजके अजून चिकटलेले होते. भाऊजींनी आवाराच्या टोकाला फ्रिजचं एक रिकामं खोकं उभं केलं. मी मागच्या सीटवर बसले. ताई स्टेअरिंगवर, भाऊजी डावीकडे. ते तिला म्हणाले, “आता पाह्य. गाडी पळव, खोकं जवळ आलं का जोरात ब्रेक दाब. मी ओरडीन. मी ‘सोड’ म्हनीन, तू सोडू नोको.”

“तुमी वरडूच नोका ना मंग,” ताई म्हणाली.

“नाही. मी ओरडलो का तुहा पाय उचलते. तेच मोडाचं हाये.”

आधी मला हसू आलं. सबंध जन्म बायकोला आपलं ऐकायला लावलेला माणूस तिला आपलं न ऐकायचं शिकवत होता, आणि तेही ओरडून. ताईने गाडी पळवली, ब्रेक दाबला, पेडल कटकटलं, भाऊजी खच्चून ओरडले, “सोड! सोड!” आणि ताईचा पाय वर आला. खोकं उडालं. ते उतरून खोकं उचलून आणायचे, पुन्हा उभं करायचे, पुन्हा बसायचे. पुन्हा तेच. पुन्हा तेच. खोक्याचा एक कोपरा चेपला, मग दुसरा. माझं हसू कधी थांबलं ते कळलं नाही. ताई रडायला आली. “मी काय करू? मी ठरवून बसते, पन तुमचा आवाज आला का पाय माहा रायतच नाही!” भाऊजींचा घसा बसला होता. तरी ते म्हणाले, अजून एकदा. आणि त्या वेळी ते ओरडले, फाटलेल्या आवाजात ओरडत राहिले, आणि ताई दात आवळून पेडलवर पाय रोवून बसली. गाडी सगळी थरथरली आणि खोक्याच्या अलीकडे थांबली.

गाडी बंद झाल्यावर इंजिनाचा तो बारीक टिकटिक आवाज येत होता. मग समोर बघतच भाऊजींनी विचारलं, “त्या दिवशीबी तू दाबूनच धरलं होतं ना?”

ताईने स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, “हो. थरथरत होतं, मले वाटलं मोडून रायलं का काय, पन मी धरलं होतं. गाडी थांबून रायली होती, समजत होतं मले. तुमी म्हनलं, सोड.”

“मंग ठान्यात काहून नाही सांगतलं?”

“कसं सांगू? सारं गाव तुमाले सर म्हन्ते.”

भाऊजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मागच्या सीटवरून मला त्यांची फक्त मान दिसत होती, नुकतेच केस कापलेली, आणि ती हलत होती. ते म्हणाले, “सुमन, मले लय लाज वाटते व… लय लाज वाटते.” ताईने त्यांना उतरून जाऊ दिलं नाही. गेटपर्यंत गाडी तिनेच चालवली. गेटाशी मात्र थांबली आणि खाली उतरली. “खोकं वेगळं अन् मानूस वेगळा. रोडावर मी नाही चालवत.” त्यानंतर ते अनेकदा जिनिंगमध्ये गेले, तिने दर वेळी खोक्याअलीकडे गाडी थांबवली, पण रस्त्यावर तिने गाडी काढली नाही. भाऊजी गेले त्या दिवशीही सकाळी त्यांनी विचारलं होतं म्हणे, जातं का बाजाराले गाडी घेऊन? ती म्हणाली, आज नाही.

पुण्यानुमोदनानंतर मी काही दिवस ताईजवळ राहिले. परत निघायच्या सकाळी मी पिशवी घेऊन बाहेर आले तर ती गाडीवरची पानं झटकत होती. म्हणाली, “चाल, मी सोडून देते तुले अकोल्याले.” मी गपचूप डावीकडे बसले. हायवे नको म्हणून आम्ही दर्यापूरवरून निघालो. ती सावकाश चालवत होती. तुरीची शेतं कापून झाली होती, हरभरा हिरवा उभा होता. बोलता बोलता ती भाऊजींच्या जेवणाच्या खोडींवर आली, आम्ही दोघीही हसलो, आणि मला वाटलं, झालं, हे एक तरी मार्गी लागलं.

दर्यापूर मागे पडल्यावर एका शेतवाटेतून डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली एक बाई सरळ रस्त्यावर आली. भाऱ्यामुळे तिला काही दिसत नव्हतं. ताईने ब्रेक दाबला. ती कटकट मला माझ्या पायाखालीही लागली. मला सगळं ठाऊक होतं. मी जिनिंगमध्ये मागे बसून सगळं पाहिलं होतं, वामनरावांच्या ओट्यापुढे उभी राहिले होते, भाऊजींना वेडं म्हणाले होते. आणि तरी माझा पाय चटईवर आपटला आणि माझ्याच तोंडून निघालं, “सोड! ताई, सोड!”

ताईने सोडलं नाही. दाबून धरून तिने गाडी किंचित उजवीकडे घेतली आणि गाडी थांबली. त्या बाईने भारा तिरपा करून आमच्याकडे पाहिलं, दोन सणसणीत शिव्या दिल्या आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बांधावरून निघून गेली. ताई त्या बाईच्या पायांकडे बघत राहिली. ती दिसेनाशी झाली तरी बघत होती. मग हळूच म्हणाली, “तवाबी गाडी थांबली असती व.”

मी म्हटलं, “ताई, मला… मला समजलंच नाही मी कशी ओरडले.”

“त्याइलेबी नसन समजलं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने पदराने तोंड पुसलं, आरसा नीट केला आणि गाडी चालू करायच्या आधी माझ्याकडे वळून म्हणाली, “रंजे, तू मांगं बस.”

मी उतरले आणि मागे जाऊन बसले. अकोल्यापर्यंत तिच्या डावीकडे कोणी नव्हतं.